प्रवासभत्ता दिला म्हणजे प्रवासाच्या वेळेचा हिशेब मिटला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘युरोपात घरातून निघाल्यापासून पगार सुरू होतो’ असा मजकूर दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरतो. त्याखाली ‘मग आमचे कल्याण ते सीएसएमटीचे दीड-दोन तासही धरा’ ही मागणी ठरलेली. लोकलमध्ये लोंबकळणाऱ्यांबद्दल पूर्ण सहानुभूती बाळगूनही सांगावे लागते, की ही मागणी टिकणारी नाही. घरापासून ठरलेल्या कचेरीपर्यंतचा रोजचा प्रवास सहसा कुठलाच कायदा मजुरीच्या तासांत धरत नाही. कुणी कुठे राहावे हे मालक ठरवत नाही, एवढे साधे त्यामागचे कारण आहे. या गलक्यात ज्यांचा दावा खरोखर भक्कम आहे त्यांचे कुणी ऐकत नाही. एसी, लिफ्ट, आरओ दुरुस्त करणारे टेक्निशियन, घरी येऊन रक्ताचे नमुने नेणारी लॅबची पोरे, ब्यूरोमार्फत दिवसाला तीन घरी जाणाऱ्या नर्स आणि आया, एटीएमची देखभाल करणारे यांना ठरलेली कचेरीच नसते. रस्ता हाच त्यांच्या कामाचा अर्धा भाग असतो.

एसीच्या टेक्निशियनचा उन्हाळ्यातला एक दिवस आकड्यांत मांडून पाहू. कल्याणच्या घरातून तो पावणेआठला निघतो. दुचाकीच्या मागे गेजची पेटी आणि व्हॅक्युम पंप बांधलेला. अंधेरीत साडेनऊला पहिला कॉल, अकराला मोकळा. पावणेबाराला पवई, तिथे सव्वापर्यंत. अर्धा तास जेवण. पावणेदोनला निघून पावणेतीनला घोडबंदर, तिथले काम साडेचारपर्यंत. साडेपाचला वाशी, सातला शेवटच्या जॉबशीटवर गिऱ्हाइकाची सही. घरी पोचायला सव्वाआठ.

आता याच दिवसाचे तीन हिशेब होतात. कंपनीचे ॲप ‘काम सुरू’ आणि ‘काम बंद’ ही दोनच बटणे ओळखते. त्याच्या लेखी दीड, दीड, पावणेदोन आणि दीड मिळून सव्वासहा तास भरले. दोन गिऱ्हाइकांमधला प्रवास धरला तर त्यात पाऊण, एक आणि एक असे पावणेतीन तास वाढतात आणि बेरीज बरोब्बर नऊवर येते. घर ते पहिला कॉल आणि शेवटचा कॉल ते घर हे तीन तासही मिळवले तर बारा होतात. माणूस तोच आणि दिवसही तोच, तरी कुठला हिशेब मस्टरवर चढतो त्यावर त्याचा महिना ठरतो. सव्वासहाच्या हिशेबाने सहा दिवसांच्या आठवड्यात साडेसदतीस तास भरतात, म्हणजे आठवड्याच्या ४८ तासांच्या मर्यादेला साडेदहा तास कमी. मग ‘तुझे तासच भरत नाहीत’ असे सुनावून पाचवा कॉल गळ्यात मारायला सुपरवायझर मोकळा. नऊच्या हिशेबाने त्याच आठवड्यात ५४ तास होतात, म्हणजे सहा तास ओव्हरटाइम. दिवसाची मर्यादा नऊ तासांची असेल तर ती त्याने ओलांडलेली नाही, आणि दुकाने-आस्थापनांसाठी आता ती वाढवण्याकडे कल आहे. तरीही आठवड्याच्या ४८ तासांचा आकडा कायम आहे आणि तो या माणसाने रोज थोडा थोडा करून ओलांडला आहे. ओव्हरटाइमच्या हिशेबात धरला जाणारा पगार २०,८०० रुपये समजा: २६ ने भागून दिवसाचे ८००, आठने भागून तासाचे १००, दुप्पट दराने २००. आठवड्याचे बाराशे, २६ दिवसांच्या महिन्याचे ५,२००. हे पैसे कुणी चोरून नेत नाही. ॲपमध्ये तिसरे बटण नाही, एवढ्यानेच ते नाहीसे होतात.

यावर हमखास उत्तर मिळते: ‘आम्ही टीए, म्हणजे प्रवासभत्ता, देतो ना!’ इथेच गफलत आहे. किलोमीटरमागे मिळणारे तीन-चार रुपये हे पेट्रोल, टायर आणि ऑइलचे असतात; माणसाच्या वेळेचा त्यात एक पैसाही नसतो. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने ‘वेतन’ या शब्दाच्या व्याख्येतून प्रवासभत्ता आणि प्रवास सवलतीचे मूल्य स्पष्टपणे वगळले होते. जुने कामगार कायदे एकत्र करून ज्या चार संहिता केल्या त्यांतल्या वेतन संहितेतही वाहनभत्ता वगळलेल्या रकमांच्या यादीत आहे. अशा वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरचा भाग वेतनात धरायचा, एवढी मेख मात्र त्यात मारली आहे. म्हणजे पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या वेळी ‘टीए हे वेतन नव्हे’ म्हणायचे आणि ओव्हरटाइम मागितला की ‘टीए दिला ना, तेच वेतन’ म्हणायचे, अशी दुतोंडी भूमिका चालणार नाही.

मग कायदा नेमके काय म्हणतो? खरे सांगायचे तर संहितांमुळे आता रद्द झालेला कारखाने अधिनियम, १९४८ असो की महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम, ‘कामाचे तास’ मोजायचे कसे याची व्याख्या दोन्हींत नाही. मर्यादा आहेत, विश्रांतीचा अर्धा तास आहे, दुप्पट दर आहे. घड्याळ कधी सुरू करायचे ते नाही. ती व्याख्या होती १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात. कामगार मालकाच्या, किंवा त्याच्या सेवेवर हक्क सांगू शकणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या, दिमतीला असतो तो वेळ म्हणजे कामाचे तास. गाडी चालू असतानाचा वेळ त्यात आला, गाडी सुरू होण्यापूर्वीची आणि नंतरची जोडकामे आली, आणि स्टँडवर नुसते थांबणे पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर तेही आले. त्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने मोटार कामगारांच्या बाबतीत हे पंधरा मिनिटांचे गणित पुढे चालू ठेवले आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९३० च्या तिसाव्या कराराचा पायाही हाच: मालकाच्या दिमतीला असलेला वेळ.

‘दिमतीला’ ही कसोटी लावली की बहुतेक घोळ सुटतात. पवईहून घोडबंदरला जाताना टेक्निशियनला वाटेत मुलाच्या शाळेत डोकावता येते का? नाही, पुढच्या गिऱ्हाइकाला ‘टेक्निशियन निघाला आहे’ असा मेसेज गेलेला असतो आणि जीपीएसवर त्याचा ठिपका सरकत असतो. तेव्हा ते पावणेतीन तास कामाचेच. याच्या उलट, बाराला कॉल संपला, पुढचा चारला आहे आणि मधल्या वेळात ‘तू कुठेही जा’ असे खरोखर सांगितले आहे, फोनही आला नाही, तर तो वेळ कामगाराचा स्वतःचा. मात्र ‘जवळपासच राहा, मध्येच कॉल पडू शकतो’ असे सांगितले असेल तर तो त्याचा राहिला नाही.

घर ते पहिला कॉल या तुकड्यावर मतभेद आहेत, आणि व्हॉट्सॲपवरच्या युरोपच्या मजकुराचे मूळ तिथेच आहे. स्पेनमधल्या टायको या सुरक्षा यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीने २०११ मध्ये प्रादेशिक कार्यालये बंद केली. टेक्निशियन मंडळींना कंपनीची गाडी आणि मोबाइल दिला आणि दुसऱ्या दिवसाची यादी आदल्या दिवशी फोनवर पाठवायला सुरुवात केली. पूर्वी ते कार्यालयात येऊन गाडी घ्यायचे तेव्हापासून तास मोजले जात. नंतर पहिल्या गिऱ्हाइकाच्या दारात पोचल्यावर मोजले जाऊ लागले, आणि ते दार कधी कधी शंभर किलोमीटरवर असे. १० सप्टेंबर २०१५ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितले, की ज्यांना ठरलेले कामाचे ठिकाण नाही त्यांचा हा प्रवास कामाचा वेळ आहे. मात्र त्या मजकुरात हमखास गाळले जाणारे वाक्य असे, की हा निकाल कामाच्या तासांच्या मर्यादेविषयी आणि विश्रांतीविषयी आहे. त्या वेळेचा दर किती, हे त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडले आहे. ठरलेल्या कचेरीत जाणाऱ्याला तर त्याचा काहीच उपयोग नाही. अमेरिकेने १९४७ च्या पोर्टल टू पोर्टल कायद्याने घर ते काम हा प्रवास बाहेर काढला, पण दिवसभरातला एका कामावरून दुसऱ्या कामावरचा प्रवास तिथे कामच मानतात.

आपल्याकडे आणखी एक गल्लत फार होते, आणि ती कामगारांचे पुढारीसुद्धा करतात. अपघात झाला तर येण्याजाण्याचा प्रवास ‘नोकरीच्या ओघातला’ मानला जातो, मग पगारात का नाही, असा युक्तिवाद. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेस्टच्या एका ड्रायव्हरच्या प्रकरणात निकाल दिला. जोगेश्वरीच्या डेपोत काम संपवून तो बेस्टच्याच दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला होता आणि त्या बसला अपघात झाला. कामावर वेळेत पोचता यावे म्हणून बसप्रवासाची सोय नोकरीचाच भाग होती, म्हणून भरपाई मिळाली. २०१० मध्ये कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायद्यात ५१-ई हे कलम आले: घर ते काम आणि काम ते घर या प्रवासातला अपघात, वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दाखवता आला तर, नोकरीतलाच मानायचा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात हेच तत्त्व कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यालाही लावले. पहाटे तीनच्या पाळीसाठी तो मोटारसायकलवरून निघाला होता आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर २००३ मध्ये त्याचा मृत्यू झाला होता. घरच्यांना न्याय मिळायला बावीस वर्षे लागली. सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आली आहे. पण यातला एकही निकाल किंवा कलम ‘तो वेळ मजुरीचा’ असे म्हणत नाही. भरपाईचा कायदा धोका कुणी झेलावा ते ठरवतो, मजुरीचा कायदा वेळ कुणाचा ते. कंपनीच्या बसमध्ये बसलेला कामगार अपघातापुरता कामावर असतो. पगारापुरता मस्टर पंच झाल्यावर.

कंपनीच्या बसचा विषय निघालाच आहे तर चाकण, रांजणगाव, तळोजा या पट्ट्यातला रोजचा तंटाही सांगतो. बस वाहतुकीत अडकली, पाळीला पंचवीस मिनिटे उशीर झाला आणि अख्ख्या बसला ‘हाफ डे’ लागला. हे सरळ बेकायदा आहे. गैरहजेरीची कपात गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणातच करता येते. पंचवीस मिनिटांसाठी चार तास कापता येत नाहीत. शिवाय बस मालकाचीच असेल तर पंचवीस मिनिटांच्या कपातीवरही भांडायला जागा आहे. दुसरा तंटा सामानाचा. बस थेट साइटवर न जाता आधी गोदामाला लागते, कामगार केबल ड्रम चढवतात आणि मग साइट. इथे घड्याळ गोदामाच्या फाटकापाशी सुरू होते. पुढचा रस्ता हा एका कामावरून दुसऱ्या कामावरचा प्रवास झाला. नाक्यावरून टेम्पोत बसवून नेलेल्या बिगाऱ्यालाही हे लागू पडते, पण तिथे मजुरी रोजावर ठरते. म्हणून ‘सहाला साइटवर सुट्टी की सहाला परत नाक्यावर’ हे टेम्पोत पाय ठेवण्याआधी ठरवून घेतलेले बरे.

आता ज्या तरतुदीबद्दल कुणी बोलत नाही तिच्याकडे वळतो. प्रवासाचा वेळ मजुरीचा असतो असे उघड शब्दांत म्हणणारे एक कलम आपल्याकडे होते: १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याचे कलम १५. कंत्राटदाराने दुसऱ्या राज्यात नेलेल्या कामगाराला जाण्याचे आणि परत येण्याचे भाडे तर द्यायचेच, शिवाय त्या प्रवासकाळाची मजुरी ‘तो कामावर असल्याप्रमाणे’ द्यायची. भिवंडीच्या गोदामात येणारा बिहारी मजूर असो की बीडहून मुकादमाच्या टोळीतून बेळगावकडच्या साखर कारखान्याला जाणारा कोयता (ऊसतोड जोडपे), ट्रकमध्ये काढलेल्या त्या रात्रीचा मोबदला कागदावर होता. प्रत्यक्षात ऊसतोडीत मजुरी टनावर असल्याने ‘प्रवासाच्या दिवसाची मजुरी किती’ हा हिशेब सहसा मांडलाच जात नसे. उचल दिली की सगळे त्यात आले, असे मुकादम म्हणे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता अमलात आल्या आणि व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम ६१ मध्ये वर्षातून एकदा गावी जाण्यायेण्याचे एकरकमी भाडे एवढेच उरले. ‘कामावर असल्याप्रमाणे’ हे शब्द गेले. जुने कायदे सोपे करताना एक हक्क वजा झाला आणि त्याची दखलही कुणी घेतली नाही. नियम करताना राज्याने हा मुद्दा उचलायला हवा.

बाहेरगावच्या दौऱ्यात वेगळीच चलाखी चालते. पुण्याच्या इंजिनीअरला सोमवारी सकाळी नऊला नागपुरात मशीन लावायचे असते, म्हणून रविवारी दुपारच्या गाडीने निघ असे सांगितले जाते. मस्टरवर रविवार ‘साप्ताहिक सुट्टी’. ज्या सुट्टीत मालकाने सांगितलेल्या गाडीत, मालकाने सांगितलेल्या गावाला जावे लागते ती सुट्टी कसली? राज्याच्या दुकाने कायद्यात साप्ताहिक सुट्टी बुडाली तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी द्यायची तरतूद आहे. ती मागायची, आणि मागताना तिकीट जोडायचे. अमेरिकेत ओव्हरटाइमला पात्र असणाऱ्यांसाठी बरी वाटणी आहे: मुक्कामी दौऱ्यात नेहमीच्या कामाच्या वेळेत पडणारा प्रवास रविवारी असला तरी धरतात, त्याबाहेर नुसते प्रवासी म्हणून बसलेला वेळ धरत नाहीत. गाडी स्वतः चालवावी लागली किंवा लॅपटॉप उघडून काम केले तर मात्र तो वेळ तिथे केव्हाही कामाचाच.

कायद्यात व्याख्या नसल्यामुळे सारी मदार कागदावर आहे, आणि कामगार हरतात ते बहुधा कागदावरच. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या ३३-सी(२) खाली लोक थेट कामगार न्यायालयात जात आणि रिकाम्या हाताने परतत. तिथे आधीच मान्य असलेल्या हक्काची रक्कम काढून मिळते. प्रवासवेळेला मजुरी आहे की नाही, हा मूळ वाद तिथे सुटत नाही. तो हक्क आधी नेमणूकपत्रात किंवा युनियनच्या करारात आणावा लागतो. करारात चार गोष्टी असल्या की पुरे. दिवस कुठे सुरू होतो: पहिल्या गिऱ्हाइकाकडे, गोदामात की घरी. दोन कॉलमधला प्रवास तासांत धरला जाईल, हे एक स्वतंत्र वाक्य. घरापासून पहिल्या कॉलपर्यंत किती वेळ स्वतःचा समजायचा. इथे तासाभराची सूट ठेवून वरचा वेळ कामाचा धरणे ही व्यवहारी तडजोड आहे. वरच्या उदाहरणात सकाळची पाऊण आणि संध्याकाळची पाव अशी तासाची भर पडेल, आणि कल्याणच्या माणसाला अंधेरीचा पहिला कॉल देण्यापूर्वी प्लॅनिंगवाला दोनदा विचार करील. चौथे, टीए वेगळा आणि वेळ वेगळा, एकातून दुसरा वळता होणार नाही.

मालकांच्या बाजूनेही एक अडचण खरी आहे. प्रवास मोजला की काही जण रमतगमत जातील. त्यावर उपाय म्हणून वेळ शून्य धरायची गरज नाही. दोन ठिकाणांमधला त्या तासाचा नेहमीचा वेळ नकाशावरून घ्या, वर पंधरा मिनिटे पार्किंग आणि वॉचमनच्या रजिस्टरसाठी द्या, त्यापेक्षा जास्त लागला तर कारण विचारा. मोठ्या सोसायट्यांत गेटवर ओटीपी येईपर्यंत दहा मिनिटे जातात, हे प्लॅनिंगच्या खुर्चीतून दिसत नाही.

आणि कामगाराने पुरावा रोजचा रोज ठेवावा. जॉबशीटवर पोचण्याची आणि निघण्याची वेळ लिहून मगच गिऱ्हाइकाची सही घ्यावी, नुसती तारीख पुरत नाही. रेल्वेचा पास वेळ दाखवत नाही, पण यूटीएसचे, म्हणजे रेल्वेचे अनारक्षित, तिकीट काढल्याची वेळ दाखवते. ॲपवरच्या दिवसाच्या यादीचा स्क्रीनशॉट स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवावा, कारण राजीनामा दिल्याच्या संध्याकाळी लॉगिन बंद होते आणि सगळा इतिहास कंपनीकडे राहतो. वेतन संहितेखाली दाव्याची मुदत तीन वर्षे आहे; पूर्वी किमान वेतनाला सहा महिने आणि वेतन प्रदान कायद्याला बारा महिने होती. तेव्हा जुनी जॉबशीट रद्दीत घालायची घाई करू नये.

आपला,
पगारपत्रके व कामगार कायद्याचे काम पाहणारा एक वाचक, ठाणे
(नाव-पत्ता संपादकांकडे)